सप्तपाताळाचं पारायण

आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत मुलींचं जे स्वच्छतागृह आहे, ते मी एक कादंबरी वाचून बांधलेलं आहे. पटत नसेल तर शहापुरात येऊन कुणालाही विचारा. फक्त माझ्यासमोर त्या कादंबरीचं नाव काढू नका. ते नुसतं ऐकलं तरी मला अजून जांभया येतात.

नाव होतं 'सप्तपाताळाचा महायोद्धा' आणि लेखक होते माझ्या बायकोचे, सुनंदाचे, निपाणीचे मामा. धंद्यातून मोकळी झालेली माणसं काशीला जातात, नातवंडं खेळवतात. मामांनी तंबाखूची वखार मुलाच्या ताब्यात दिली आणि देव, दानव, यक्ष आणि त्यांच्या तलवारी यांच्यावर सहाशे पानं लिहिली. पदरचे पैसे घालून छापली. मग वाटायला सुरुवात केली. नात्यात बारसं असो, वास्तुशांत असो, आहेरात मामांचं पुस्तक ठरलेलं. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे मोसंबी घेऊन आले, मामा महायोद्धा घेऊन आले. (मला तेव्हा हसायला बंदी होती, म्हणून वाचलं नाही.) घरात चार प्रती झाल्या होत्या. तुळशीची कुंडी, कोरफडीची कुंडी आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा एक कोपरा त्यांच्या आधारानं उभा होता. चौथी प्रत कोरी होती.

सुनंदा त्याच शाळेत शिकवते. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह पडलं होतं आणि मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. ती हे रोज जेवताना सांगायची आणि मग तिलाच घास जायचा नाही. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं मदतीसाठी लिहिलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. हात जोडून भिंत उभी राहत नाही हे तिला पुन्हा लिहावं लागलं. मी पतसंस्थेतून दमून आलो होतो. चिडून मी ग्रुपवर लिहिलं, 'कुणी पैसे टाकणार असेल तर माझ्या घरातलं सगळ्यात भिकार पुस्तक मी रोज एक अध्याय मोठ्यानं वाचतो. टिंगल फुकट.'

मी गंमत केली होती. आमच्या गल्लीला चांगल्या कामाची गंमत कळते, पण गमतीची गंमत कळत नाही. चहा पिऊन होईतो देवळाचा सभामंडप ठरला, माईक ठरला, वेळ ठरली.

"वाचा," सुनंदा म्हणाली. "शाळेसाठी हाय, म्हणून मी आडवी येत न्हाय. पण लेखकाचं नाव कुणाला दिसता कामा नये."

"मामांना राग येईल?"

"राग आला तर बरं. ते रागावणार न्हाईत, गप्प बसतील. आई-बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. मला माहेर म्हणून तेवढं एकच दार हाय."

तिनं स्वतः त्या पुस्तकाला पोरांच्या वह्यांना घालतात तसलं खाकी कव्हर घातलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.

पहिल्या संध्याकाळी पंधरा-वीस टवाळ मंडळी जमली. मी वाचायला लागलो. पहिल्याच पानावर एक ऋषी एका पायावर बारा हजार वर्षं उभे राहतात. मी थांबलो आणि म्हणालो, "बारा हजार वर्षं! आणि घरात बायकोनं काय केलं, त्याची एक ओळ नाही." मंडळी हसली. मला जोर चढला. दुसऱ्या अध्यायात शंभर तोंडांचा राक्षस आला. त्याला पडसं झालं तर रुमाल किती लागतील यावर मी बोललो. तिसऱ्या अध्यायात नायक वज्रकेतू रणांगणावर मेला, त्याला अग्नी दिला, आणि पाचव्यात तो न्याहारी करत बसलेला निघाला. मी म्हणालो, "लेखकानं कुणाला मारलं, हे लेखकाच्याच ध्यानात नाही!" ताटलीत नोटा पडत होत्या. नोकरीला लागल्यापासून माझ्या बोलण्याचे कुणी पैसे दिले नव्हते. मी खूश होतो.

घोटाळा सुरू झाला तो कमळाक्का आल्यापासून. कमळाक्का आमच्या शेजारी राहतात. जन्मभर मागावर साड्या विणल्या, आता गल्लीतले सगळे उपासतापास त्यांच्या हातात आहेत. त्या देवदर्शनाला आल्या, त्यांना देवापुढं चौरंग दिसला, चौरंगावर ग्रंथ दिसला, ग्रंथामागं मी दिसलो. त्या हात जोडून बसल्या. त्या बसल्या म्हणून मागच्या चौघी बसल्या.

त्या दिवशी नेमका स्वर्गाच्या दाराचा अध्याय होता. मामांच्या कादंबरीत स्वर्ग आणि पृथ्वीच्या सीमेवर तपासणी नाका आहे. तिथं गंधर्व रथ अडवतात आणि देवर्षींना म्हणतात, 'हे मुनिवर, आपली कागदपत्रे दर्शवावीत.' मामांचं अर्धं आयुष्य कोगनोळीच्या नाक्यावर तंबाखूचे ट्रक सोडवण्यात गेलं, त्यामुळे हे वर्णन मात्र फार जिवंत उतरलं होतं. मी म्हणालो, "म्हणजे मेल्यावर सुद्धा सुटका नाही. तिथंही रांग, तिथंही कागद."

टवाळ मंडळी हसली. कमळाक्कांनी डोळ्याला पदर लावला.

"लई मोठं बोललास रं सुभाष," त्या म्हणाल्या. "तिथं बी कागदं मागत्यात. म्हणून म्हंते गं बायांनो, पुण्याईची कागदं हितंच तयार करून ठेवा."

"आक्का, तसं नाही, मी चेष्टा..."

"आणि पयल्या दिवशी म्हणं तू ऋषीच्या बायकोचं सांगितलास. खरं हाय. बाईमाणसाच्या तपाला कोण इचारतंय? वाच, पुढं वाच."

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. चौरंगाभोवती रांगोळी आली, ग्रंथाला हळदकुंकू लागलं, हार आला. टवाळ मंडळी मागं सरकत सरकत चपलांपाशी पोचली आणि तिथून घरी गेली. मी जेवढी टिंगल करावी तेवढी माझ्या निरूपणाची कीर्ती वाढत चालली. शंभर तोंडांच्या राक्षसावर मी काय बोललो होतो, हे बायका एकमेकींना समजावून सांगत होत्या. वज्रकेतू मेल्याचं लेखकाला आठवत नाही, यावर कमळाक्का म्हणाल्या की ज्याला मरणाची आठवण राहत नाही तोच खरा ज्ञानी. मलाही ते क्षणभर पटलं.

स्वच्छतागृहापुरते पैसे जमले तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला आणि माईकवर आभार मानले.

"थांबायचं म्हंजे?" कमळाक्का म्हणाल्या. "पारायण अर्ध्यात सोडत्यात व्हय? घराण्याला लागतंय ते."

"आक्का, ही पोथी नाही. कादंबरी आहे. बाजारात मिळते." (हेही खोटं. बाजारात ती कधीच मिळाली नाही.)

"देव हाईत का न्हाईत त्यात?"

"आहेत."

"मग?"

मी पुढचा अध्याय उघडला.

आणि पारायण म्हटल्यावर पथ्य आलं. वाचणाऱ्यानं कांदा-लसूण खायचा नाही, चामड्याचा पट्टा लावायचा नाही. रविवारी सकाळी आमच्या घरात मटण शिजतं का, याचा वास घ्यायला कमळाक्का भिंतीपलीकडे उभ्या राहायच्या. दिवसभर पतसंस्थेत लोकांच्या ठेवींवर मान मोडायची, संध्याकाळी पाय धुऊन पाताळात उतरायचं, रात्री वरणभात खाऊन झोपायचं. सातातली तीन पाताळं झाली होती आणि माझे गुडघे मांडी घालून घालून आखडले होते. एकदा मी दोन पानं एकदम उलटली.

"थांब, थांब," कमळाक्का म्हणाल्या. "काल त्यो नागकन्येला वळखत बी नव्हता, आणि आज तिचं डोहाळजेवण कसं? मधलं गिळलास व्हय रं?"

मामांनी मेलेला माणूस न्याहारीला बसवला तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता! मी पानं मागं उलटली आणि लग्न लावलं.

रोज वाहिलेल्या ओल्या फुलांनी ते खाकी कव्हर कुजलं. सुनंदा तेव्हा निवडणुकीच्या ड्यूटीला खानापूरकडे गेली होती. शाळेच्या हेडबाईंनी चांगल्या मनानं कव्हर बदलायला घेतलं. आत मागच्या पानावर मामांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली मोबाईल नंबर. हेडबाईंनी तिथल्या तिथं फोन लावला आणि सांगितलं की आम्ही शहापुरात तुमच्या ग्रंथाचं पारायण करतोय, समाप्तीला यायचं. संध्याकाळी त्यांनी मला आनंदानं बातमी दिली. "मामासाहेब फोनवर रडलेत हो. पुस्तक घरातलंच हाय म्हणून तुम्ही बोलला बी न्हाईसा."

सुनंदाला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पाटावर बसली.

"तुमच्या टिंगलीतलं एक वाक्य जरी त्यांच्या कानावर गेलं," ती म्हणाली, "तर मी निपाणीला कुठल्या तोंडानं जाऊ, ते तुम्हीच सांगा."

मला खरोखर भीती वाटली. मामा भोळे होते, आणि भोळ्या माणसाचं मन मोडलं की त्याला समजूत घालायलाही जागा मिळत नाही. मी ठरवलं, समाप्तीला एक शब्द जास्त बोलायचा नाही. नुसतं वाचायचं, नमस्कार करायचा, मामांना महाप्रसाद वाढायचा आणि निपाणीच्या रस्त्याला लावून द्यायचं.

समाप्तीला मामा गाडीतून आले. पांढरं धोतर, नवा कोट, आणि डिकीत पुस्तकांचे गठ्ठे. बायकांनी त्यांना ओवाळलं. सुनंदानं पाया पडताना वर बघितलंच नाही. मी शेवटचा अध्याय वाचला. महायुद्धात वज्रकेतू पुन्हा मेला. मी गप्प. त्याच्या मागून तीन पानं गेल्यावर तो विमानातून उतरला. मी तरीही गप्प.

"सुभाष," कमळाक्का म्हणाल्या, "आज निरूपण न्हाय व्हय?"

"आज नको आक्का. लेखक समोर आहेत."

"मग तर पायजेच. त्यास्नी कळाया नको, तू काय काय अर्थ काढलास त्यो?" आणि मामांकडे वळून त्यांनी सुरुवात केली. "लई सांगितलंय हो तुमच्या जावयानं. म्हणाला, लेखकानं कुणाला मारलं ह्ये त्याच्याच ध्यानात न्हाय. म्हणाला, ह्ये वाचताना ऐकणाऱ्याला बी बारा हजार वर्षं एका पायावर उभं राहिल्यागत वाटतंय. म्हणाला, ही भाषा देवास्नी बी कळायची न्हाय. केवढी थोरवी गायली बघा."

मागच्या बायकांनीही आपापल्या पाठ केलेल्या ओळी सांगितल्या. एकीलाही एक शब्द चुकला नाही. मी चौरंगाची कड धरून बसलो होतो. सुनंदा भिंतीकडे तोंड करून उदबत्तीची राख गोळा करत होती. मामा गप्प झाले. ती म्हणाली होती तसेच, अगदी गप्प.

मग ते उठले. माईक त्यांनी हातात घेतला, पण तोंडाजवळ धरला नाही.

"ह्ये पुस्तक छापलं," ते म्हणाले, "तवापासनं माझ्या घरातल्या कुणी पयल्या पानाच्या पुढं गेल्यालं न्हाय. माझी बायको न्हाय, पोरगा न्हाय. पुस्तक दिलं की समदी म्हणत्यात, लई छान. त्यातलं एक बी वाक्य कुणाला सांगाया येत न्हाय. जावईबापूंनी समदं वाचलं. वज्रकेतू तिसऱ्या अध्यायात मेल्याला, ह्ये मला सुद्धा आज कळालं."

त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मला मान वर करता येईना. सहाशे पानं वाचताना मी त्या पानांत एक माणूस बसलेला आहे हे एकदाही बघितलं नव्हतं, आणि माझी मला लाज वाटली. सुनंदानं राखेचे हात तसेच त्यांच्या पायांना लावले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळे, दिवाळीला येतीस न्हवं?" ती हो म्हणाली आणि रडली.

स्वच्छतागृह उभं राहिलं. मुली पाणी पितात. आणि मामांनी दुसरा भाग लिहिला. दिवाळीला आम्ही निपाणीला गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "ह्या खेपेला कोण कवा मेला त्ये समदं तपासून घेतलंय," ते म्हणाले. "आणि तुमच्यामुळं एक नवीन पात्र सुचलं."

पात्राचं नाव टिप्पणासुर. चष्मा लावणारा, टक्कल पडलेला, ढेरपोट्या राक्षस. ऋषी यज्ञात मंत्र म्हणायला लागले की तो मध्येच काहीतरी बोलतो. सगळे देव मिळून त्याला मारत नाहीत, कारण त्याची बायको पतिव्रता आहे. ते त्याला शाप देतात की चार युगं संपेपर्यंत त्यानं मांडी घालून ग्रंथ वाचत बसावं आणि त्याच्या ताटात कधी मटण पडू नये. (कमळाक्कांनी दुसऱ्या भागाच्या पारायणाचा मुहूर्त काढलेला आहे, तेव्हा शाप लागू झालाच म्हणायचा.)

परतताना एसटीत सुनंदानं तेवढा अध्याय दोनदा वाचला. "सगळ्या पुस्तकात," ती म्हणाली, "ह्यो एकच माणूस खराखुरा वाटतोय."

मी चष्मा काढून पुसला. खिडकीच्या काचेत जरा वळून स्वतःकडे बघितलं.

"खरं सांग," मी म्हणालो. "मी असा दिसतो?"

"न्हाय हो," ती म्हणाली. "जावई म्हणून मामांनी पोट जरा कमीच लिवलंय."