पोस्टरवरचं कोरं कपाळ

जवळ ये गं, अशी शेजारी बस. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, वाचताना तरी शेजारी बस. आणि काय गं, नात झालीस म्हणून म्हातारीला न सांगता एवढा धक्का द्यायचा? चहा पीत होते, मोबाइलवर तू पाठवलेला फोटो आला आणि हातातली बशीच सुटली.

"आजी, आमच्या डिझायनर लोकांच्या प्रदर्शनात हे जुनं सरकारी पोस्टर लागलंय. बाई तुझ्यासारखी दिसते ना?"

सारखी कशाला? मीच ती!

राजुरीत मी नवी सून. तुझे आजोबा फौजेत, सरहद्दीवर. देशही तसा नवाच. शाळा, दवाखाना, टपाल, जिथं तिथं नवी चित्रं लागत होती. साक्षरतेच्या पोस्टरसाठी मुंबईचा एक चित्रकार जीपमधून आला. सासूबाईंना विचारून त्यानं मला ओट्यावर बसवलं, हातात पुस्तक दिलं. मला कुठं वाचता येत होतं? उलटंच धरलं. त्यानं हसून सुलटं केलं.

पुढं सासूबाईंबरोबर नारायणगावच्या बाजाराला गेले, तर एसटी स्टँडच्या भिंतीवर मी! नाक माझं, डोळे माझे, आणि कपाळ कोरं. कुंकूच नाही.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "आगं, माझं लेकरू जित्तं हाय न्हवं?"

शेंगा विकणारी म्हणाली, "मावशे, फौजेतलं सरकारलाच आदी कळतं."

क्षणभर मलाही खरं वाटलं गं! सासूबाई मात्र उठल्या. "मुडद्या चितारणाऱ्या, तुझं काय घोडं मारलं व्हतं आमी?" त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं आणि त्याच बोटानं भिंतीवरच्या मला कुंकू लावलं. पण आजोबा रजेवर दारात उभे राहीपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

ते आल्या आल्या म्हणाले, "तिकडं लांब एका स्टेशनात तू दिसलीस. खाली भलतीच लिपी. कपाळ बघितलं आन् म्हटलं, मीच गेलो का काय!"

माझ्या तोंडाखाली काय लिहिलंय ते मलाच वाचता येईना, याचा इतका राग आला की दुकानांच्या पाट्या बघत बघत अक्षरं शिकले.

काल फोनवर तू म्हणालीस, "आजी, त्या चित्रकाराला साऱ्या देशाची बाई काढायची होती. कुठल्या एका धर्माची खूण नको म्हणून कुंकू नसेल काढलं."

असेल बाई. पण मग तोंड माझं कशाला घेतलं?

बशी सुटली ती मात्र त्या जुन्या रागानं नाही. फोटो बघितला आणि समोरच्या आरशात बघितलं. आजोबा गेल्यापासून दोघींची कपाळं सारखीच. त्या चित्रकारानं काढलं होतं तसंच, कोरं.

त्या पोस्टरची मोठी प्रत काढून आण. कॉम्प्युटरवर कुंकू लावत बसू नकोस, ते मी माझ्या बोटानं लावीन. ती पोरगी सवाष्ण होती गं. या रविवारीच ये.