पानावरचा नेम

उंदराला माणसाची रक्तातून पसरणारी कावीळ होत नाही. मग लस तपासायची कशी? म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एका निरुपद्रवी विषाणूत काविळीच्या विषाणूचा तुकडा बसवून तो उंदरांना टोचत असत. बडोद्याबाहेर नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. टोचायचं काम माझं. नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, हा तिथला पहिला नियम. पण वस्तू उघडी ठेवायची नाही, हे आईचं वळण माझ्या हातात मुरलेलं. एका दुपारी टोपण लावायला गेले आणि सुई अंगठ्यात शिरली. शेजारची सहकारी कुजबुजली, "बेन, कोईने केहशो नहीं. नोकरी जशे." नोकरी जाईल या धाकानं मी हात धुतला आणि गप्प बसले. केवढं ते शहाणपण!

तुकडा बसवलेला तो विषाणू माणसात काय करेल, कुणालाच सांगता आलं नसतं. खात्री करायला तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आणि घरी दोन वर्षांची मुलगी माझ्याच ताटात, माझ्याच हातून जेवायची. उष्ट्यातून हा रोग पसरत नाही, असं मीच लोकांना समजावत असे. पोटच्या पोरीपुढे ते ज्ञान कुचकामी ठरलं. मला भीती वाटत होती, बस्स.

चार दिवसांत आषाढी आली. मी सासूबाईंना म्हटलं, "चातुर्मासात मी पानावर जेवणार. एकटी, मौनानं." पत्रावळ जेवून झाली की फेकता येते, हा माझा हिशेब. देवाला लांबूनच हात जोडणारी मी, पण सासूबाईंचे डोळे भरून आले. आठवड्यात साऱ्या दांडिया बाजारात, आमच्या मराठी वस्तीत, बातमी. "शिकलेली असून नेम करते हो आमची सूनबाई!" नवऱ्यालाही मी नेमाच्या नावाखाली लांब ठेवलं. तो बिचारा माझ्यासाठी पत्रावळींचे गठ्ठे आणायचा.

मुलगी दाराशी बसून रडायची. मी भिंतीकडे तोंड करून घास गिळायची. मौन असल्यामुळे "थांब गं राणी" एवढंही म्हणता येत नव्हतं. एकदा ती धावत येऊन माझ्या पानात हात घालू लागली, तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

नवरात्रात पाणीगेटजवळच्या एका लॅबमध्ये गुपचूप रक्त दिलं. काही निघालं नाही. कागद पर्समध्ये ठेवून घरी आले, तर सासूबाई पान मांडत होत्या. म्हणाल्या, "आता महिनाच राहिला. नेम मध्येच मोडू नये हं." मी पर्स खुंटीला अडकवली. बसले तशीच, भिंतीकडे तोंड करून, आणखी एक महिना.

कार्तिकी झाली. द्वादशीला पारणं फेडायला स्टीलचं ताट घेतलं, तूप घालून वरणभात कालवला आणि मुलीला मांडीवर ओढलं. घास तिच्या तोंडापर्यंत नेला. तिनं माझं मनगट बाजूला सारलं.

"माझी मी जेवते."

आजीनं वाढलेल्या वाटीतून ती चमच्यानं नीटपणे, शितही न सांडता जेवू लागली. सगळे कौतुकानं बघत होते. तो घास मी माझ्याच तोंडात घातला.