अंगणात पुरायची वार

आमच्या नवेगाव बांधात रुख्माबाईशी भांडून जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही. ती माझी शेजारीण. तलावाची मासोळी घेऊन बाजारात बसते. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मासोळी शिळी दिसून राहिली." ही म्हणते, "तू बी शिळाच दिसून राहिला, तरी बायकोनं घरात ठेवलाच ना!" तो बिचारा हसत हसत मासोळी घेऊन गेला. अशा तिच्या गोष्टी सांगायला बसलो तर माझं जेवण राहून जाईल. पण ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजून तापतं.

बाळामागून जी वार पडते, ती आमच्याकडे अंगणात, न्हाणीजवळ खड्डा करून पुरतात. रुख्माबाईच्या दोन्ही पोरींची तशीच पुरली. मुलगा वीरेंद्र तेवढा दवाखान्यात झाला, त्याची वार तिथंच राहिली. आता तो हैदराबादला कामाला आहे आणि सणालाही येत नाही.

"वार परक्या जागी गेली, तं पोरगा घरी कसा राहीन?" ती म्हणायची.

मी म्हणालो, "अवो, पोरींची तं अंगणातच होती. त्या कुठं राहिल्या?"

"त्या पोरी हायेत जी!"

घ्या. आता बोला!

वीरेंद्रची बायको हर्षा पोटुशी झाली आणि बाळंतपणाला इकडे सासूकडे आली. सातवा महिना उलटला तसे तिचे पाय सुजले, मग तोंडही सुजलं. रुख्माबाई खूश, म्हणे, पोरगी अंगानं भरली. पण आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं बीपी मोजला, लघवी तपासली आणि सांगितलं, आजच गोंदियाला न्या.

"तिथं वार वापस देतेत का?" रुख्माबाईनं विचारलं.

"ते मला माहीत नाही. आधी बाईला न्या."

झालं! सुनेला घेऊन ही सरळ घरी आली.

मी ओरडलो, "अवो, बीपी वाढला म्हणते ती!"

"बीपी तुमालेबी हाय, भाऊजी. तुमी कुठं मेले?"

वीरेंद्रला फोन लावला, तर तो म्हणतो, "काका, आईले तुमीच समजवा." हैदराबादेत बसून सांगायला काय जातं! मी समजावलं, माझ्या बायकोनं समजावलं. पण ती बाई जागची हलेना. मला वाटलं, भिंतीशी बोललो असतो तर निदान तिनं उलट उत्तर दिलं नसतं.

खाटेवर पडलेली हर्षा डोकं धरून म्हणाली, "आत्याबाई, डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले." आणि तिनं स्वतःच फोन करून रुग्णवाहिका बोलावली.

"कोनाले विचारून?" सासू कडाडली.

"कोनालेच नाही. वार तुमची राहू द्या, जीव माहा हाय."

मी तर तिथंच टाळी वाजवली! आणि गाडी आली तेव्हा आत आधी कोण चढलं? रुख्माबाई! तेही सगळ्यांना शिव्या देत. मागून मी चढलो.

गोंदियात बीपी काही उतरेना, आणि पोटातलं बाळ वाढेना. शेवटी सिझर केलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. आणि रुख्माबाईनं काय मागावं? वार!

तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती तपासायला पाठवायची आहे, देता येणार नाही. पण बघायची असेल तर या."

बघून आली ती पायरीवर बसलीच. "भाऊजी, वार कशी असते, लाल, जाड, कलेजीवानी. ही तं एवढीशी. जागोजागी पांढरी पडली होती, टणक."

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. बाळाला हवा आणि अन्न वारेतूनच मिळतं. या दुखण्यात वारेला रक्त पुरवणाऱ्या नसा नीट रुंद होत नाहीत. मग रक्त कमी पोचतं, वारेचे काही भाग मरतात आणि बाळ आतल्या आत उपाशी राहतं. बिघडलेल्या वारेतून आईच्या रक्तातही काहीबाही उतरतं, त्यानं तिचा बीपी आणखी चढतो.

"म्हंजे जिच्यासाठी मी अडून बसली, तिच्यातूनच पोरीले खायाले भेटत नव्हतं?"

मी म्हणालो, "हो." मला पुष्कळ बोलायचं होतं. पण ती भांडलीच नाही. याचाच मला जास्त राग आला. हे ऐकायला आधी हिचे कान कुठं गेले होते?

दुसऱ्या दिवसापासून तिचं तोंड पुन्हा सुरू झालं. "वार निघाली ना? मंग हर्षाले बीपीची गोळी कायले?" बाळंतपणानंतरही बीपी काही दिवस चढलेला राहू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही सांगितलं. बाळ पेटीत हळूहळू दूध गिळायला लागलं, तरी हिचं पालुपद चालूच.

शेवटी पेटीतून काढून मुलगी हर्षाच्या छातीशी दिली. सिस्टरनं हर्षाच्या मोकळ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. रुख्माबाईनं पुन्हा तोंड उघडलं.

"आत्याबाई," हर्षा म्हणाली, "चूप बसा. बीपी मोजून राहिले."

आणि काय सांगू, रुख्माबाई बसली की हो चूप!