पुढच्या वर्षी परत जाणारे साडू

आमच्या साडूंइतक्या वेळा अमेरिका कायमची सोडून भारतात परत गेलेला माणूस अख्ख्या ओहायोत दुसरा सापडायचा नाही. दरवर्षी जूनमध्ये ते परत जायचे. म्हणजे तसं ठरायचं. मग कंपनीत कुठलंसं प्रोजेक्ट निघायचं, नाहीतर तिकडे पुण्यात नोकरीचं बोलणं फिसकटायचं, आणि बेत एका वर्षाने पुढे सरकायचा. सत्त्याऐंशी साली या सगळ्याला अकरा वर्षं झाली होती. आम्ही ओहायोतल्याच डब्लिन गावी आणि ते तिथून पाऊण तासावरच्या एका चिमुकल्या गावात. माझी बायको थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो.

भाऊजींच्या घरात पाहुण्याला पहिल्यांदा दिसायची ती खोकी. टीव्हीचं, मिक्सरचं, टोस्टरचं, सगळी आतल्या थर्माकोलसकट जपलेली, कारण जाताना पॅक करायला लागणार. टीव्ही तर स्वतःच्याच खोक्यावर बसलेला असायचा, मध्ये सोलापुरी चादर. भिंतीला खिळा मारायचा नाही असा दंडक होता, त्यामुळे गणपतीची तसबीर अकरा वर्षं फ्रिजवर टेकून उभी. हिवाळ्याचं जाकीट ते दर नोव्हेंबरात सेलमधलं सगळ्यात स्वस्त घ्यायचे. म्हणायचे, एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे. मार्चपर्यंत त्याची चेन तुटायची आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा एका हिवाळ्याचा प्रश्न उभा राहायचा. त्यांची पोरगी जन्मापासून पुढच्या वर्षी पुण्याच्या शाळेत जाणार होती. ती आता दहा वर्षांची झाली होती आणि हा विषय निघाला की, "ओके, बाबा," एवढंच म्हणून आपल्या खोलीत जायची.

अशा माणसाने खेळही तसाच शोधावा, यात नवल नाही. गोल्फच्या क्लबात वर्षाची मेंबरशिप घ्यावी लागते, म्हणून गोल्फ बाद. गावच्या पार्कात मात्र डिस्क गोल्फ होता, आणि तिथे कुणी तुमचं नावसुद्धा विचारत नसे. जमिनीत रोवलेले नऊ लोखंडी खांब, प्रत्येकावर साखळ्यांचा झुपका आणि खाली जाळीची बास्केट. लांबून प्लास्टिकची डिस्क फेकायची. ती साखळ्यांवर आपटून बास्केटात पडली की पुढच्या खांबाकडे निघायचं. ज्याला फेकी कमी लागल्या तो जिंकला. बाकीचे लोक पिशवीत सात-आठ डिस्क घेऊन यायचे, जवळची वेगळी, लांबची वेगळी. भाऊजींकडे एकच होती, नारिंगी, तीही पार्कातल्या ओढ्यात सापडलेली. सात वर्षं ते त्या एकीवर खेळले. दुसरी घ्या म्हटलं की म्हणायचे, "आता जाता जाता कशाला?" ताई, म्हणजे माझी मेव्हणी, या सगळ्या प्रकाराला ताटल्या फेकणं म्हणायची.

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जायचो. खेळ म्हणजे त्यांना परीक्षा वाटायची. प्रत्येक फेकीआधी गवत उपटून वाऱ्यात सोडायचं, चष्मा पुसायचा, दोन पावलं मागे, एक पाऊल पुढे. डिस्क जिथे पडली तिथे तिच्या मागे पाय रोवून पुढची फेक करायची असते. त्यात भाऊजींचा बूट तिला हमखास लागायचा. लागला की ते वाकून तिला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. आपल्याकडे पुस्तकाला, माणसाला पाय लागला की करतो तसंच, नकळत. एकदा लाल दाढीच्या एका ट्रक ड्रायव्हरने हे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. भाऊजींनी त्याला गंभीरपणे सांगितलं, की ज्या वस्तूकडून काम करून घ्यायचं तिला लाथ मारू नये. त्या गृहस्थाला ते पटलं. त्यानेही वाकून हात कपाळाला लावला, डिस्क फेकली, आणि ती पन्नास-साठ फुटांवरून थेट साखळ्यांत. महिनाभरात पार्कातले पाच-सहा दणकट अमेरिकन डिस्कला नमस्कार करताना दिसायला लागले. मी हसून हसून बेजार झालो. भाऊजींना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांचा खरा जीव होता सहाव्या बास्केटवर. तिच्या बरोब्बर समोर एक जुना मेपल होता. सगळे त्याच्यावर डिस्क आपटायचे आणि शिव्या घालायचे. भाऊजींनी चार वर्षं खपून मनगटाचा असा एक झटका बसवला होता, की नारिंगी डिस्क झाडाच्या उजवीकडून निघायची आणि पलीकडे गेल्यावर वळून बास्केटकडे यायची. नऊपैकी आठ बास्केटांवर ते हरायचे, सहावीवर कधीच नाही. सत्त्याऐंशीच्या जुलैत मोठं वादळ झालं आणि तो मेपल मुळासकट पडला. गावच्या माणसांनी तो कापून नेला. बाकीचे खूश झाले. आता सरळ फेकलं की काम झालं. भाऊजी आठवडाभर घरी धड बोलले नाहीत.

त्याच सुमारास घरमालकाने घर विकायला काढलं. मनुष्य सज्जन. म्हणाला, पहिला हक्क तुमचा, पण ऑक्टोबर संपायच्या आत हो की नाही ते कळवा. भाऊजींनी नेहमीचं उत्तर दिलं, की एका वर्षासाठी कुणी घर घेतं होय? ताईने वाद घातला नाही. पण त्या रात्री फोनवर ती माझ्या बायकोपाशी रडली. म्हणाली, "जायचं असेल तर मी उद्या बॅगा भरते गं. राहायचं असेल तर राहू. पण एकदा काय ते यांनी सांगावं ना. अकरा वर्षं नुसती प्लॅटफॉर्मवर बसल्यासारखी बसलेय मी." बायकोने ते मला सांगितलं, आणि इतके दिवस मला ज्याचं हसू यायचं, त्याचं त्या दिवशी आलं नाही. मी भाऊजींशी बोलून पाहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विषय मेपलवर नेला.

कारण तिकडे ते गावच्या ऑफिसात चकरा मारत होते. सहावी बास्केट सोपी झाली हे बरोबर नाही, तिथे झाड पाहिजे, असा त्यांचा अर्ज होता. तिथल्या माणसाने शेवटी सांगितलं, की हवं तर तुम्ही रोप लावा, मात्र पाणी घालायला आमच्याकडे माणूस नाही. झालं. भाऊजींनी गुडघ्याएवढं मेपलचं रोप आणलं, टेप लावून जुन्या बुंध्याची जागा काढली, आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर पार्कात जाऊन दुधाच्या रिकाम्या कॅनने पाणी घालायला सुरुवात केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळेच पार्कात गेलो होतो. त्यांची आणि आमची मुलगी झोपाळ्याकडे पळाल्या. भाऊजी गुडघे टेकून रोपाभोवती आळं करत होते आणि ताई शेजारी कॅन धरून उभी होती. बराच वेळ ती त्या रोपाकडे बघत राहिली. मग साध्या आवाजात तिने विचारलं, "अहो, हे आड यायला किती वर्षं लागतील?"

भाऊजी इंजिनियर माणूस. हिशेब विचारला की त्यांना राहवत नाही. मेपल वर्षाला दीड फूट वाढतो, डिस्क साधारण इतक्या उंचीवरून जाते, फांद्यांचा घेर धरला पाहिजे, असं मातीच्या हाताने हवेत दाखवत ते म्हणाले, "बारा वर्षं. एखादा हिवाळा वाईट गेला तर तेरा धर."

म्हणाले आणि हात तसाच हवेत राहिला. स्वतःचं वाक्य त्यांना आमच्याबरोबरच ऐकू आलं असावं. कॅनमधलं उरलेलं पाणी ताईने आळ्यात ओतलं, बूच लावलं आणि म्हणाली, "मग उद्या सकाळी मी घरमालकांना फोन करते."

भाऊजी नाही म्हणाले नाहीत. उठून बाकावर जाऊन बसले. चष्मा काढून पुसायला लागले, पण बोटांना माती होती, त्यामुळे तो आणखीच खराब झाला. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही सुचत नव्हतं. मग त्यांनी ताईला विचारलं, "आईला काय लिहू?"

त्यांची आई सांगलीला धाकट्या भावाकडे होती. प्रत्येक पत्रात ते तिला पुढच्या जूनचं लिहायचे, आणि ती बिचारी दर उन्हाळ्यात माडीवरची खोली झाडून घ्यायची. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ताई त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "खरं ते लिहा. त्यांना बहुतेक कधीचं माहीत असेल."

मी रोपापाशीच उभा होतो. भाऊजींच्या पुढच्या वर्षाच्या किती नकला मी पार्ट्यांमधून केल्या होत्या, आणि लोक कसे पोट धरून हसायचे. माझी आई तेव्हा कराडला होती. त्याच आठवड्यात मी तिला लिहिलं होतं, की तब्येतीला जप, दोन वर्षांत आम्ही कायमचे येतोय.