मोडीतल्या भांड्यांची वही

"नाव देणाराचं घालू का घेणाराचं?"

गिऱ्हाइकानं भांडं पुढं करायच्या आत नाववाल्या काकांचा प्रश्न तयार असायचा. लग्नात द्यायचं भांडं असलं की लोक हटकून म्हणायचे, देणाऱ्याचं. मग काका गालात हसायचे. "म्हंजे जल्मभर घासायचं त्यांनी आन् नाव तुमचं! बरं हाय."

नव्वदच्या सुमाराची गोष्ट सांगते. सांगलीत एका भांड्यांच्या दुकानात मी वजनाच्या काट्यावर बसत होते आणि पायरीवर हातोडी-छिन्नी घेऊन काका. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खाली मान, टक टक टक, आणि बघता बघता स्टीलच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांचं नाव उमटायचं. शेजारच्या दुकानात नाव घालायचं मशीन आलं तेव्हा काका एकदा जाऊन बघून आले. "दाताच्या डाक्टरकडं असतंय तसलं हाय," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांत ज्याला त्याला स्टील हवं होतं. घरातलं तांबं-पितळ बायका मोडीत आणून द्यायच्या. हंडे, बंब, तपेली, सगळं पोत्यात जायचं. पण पोतं बांधायच्या आधी काका त्यातलं एखादं भांडं उचलायचे, फिरवून फिरवून त्यावरचं नाव वाचायचे आणि आपली वही काढायचे.

ती वही तुम्ही बघायला हवी होती. जाड पुठ्ठ्याची, फुगून दुप्पट झालेली. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे एक्स-रेच्या जुन्या फिल्मांना तोटा नाही. त्या कापून काकांनी भांड्यांचे छाप केले होते. कुणाच्या तरी बरगड्यांतून घागर कापलेली, कुणाच्या गुडघ्यातून बंब. छाप पानावर ठेवायचा, तांबटाकडून आणलेला तांब्याचा बारीक कीस डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चिंधीच्या बोळ्यानं हलके हलके टिपायचा. वाळलं की त्यावर कल्हईवाल्याचा नवसागर पाण्यात विरघळवून शिंपडायचा. दुसऱ्या दिवशी पान उघडावं तर तांबं हिरवं, निळसर, जुनं झालेलं. शेजारी बारीक अक्षरात भांड्यावरचं नाव.

"काका, ही वही का कोथिंबिरीचा वाफा?" मी चिडवायची.

"ताई, तांबं म्हातारं झालं की हिरवंच व्हतंय," ते म्हणायचे. "माणूस पांढरा व्हतो, तसं."

वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. ते त्यांच्या आईच्या घागरीसाठी राखलेलं. काकांचं गाव आष्ट्याच्या बाजूला. गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वाड्यातल्या बायांनी विहिरीपासून लांब मडकं घेऊन उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर न्यायचं, अशी पूर्वी तऱ्हा. छप्पन सालानंतर घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आईनं मडकं टाकलं आणि तांब्याची घागर घेतली. काका तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. लगेचच मामाकडं सांगलीला कामाला आले, आणि बहात्तरच्या दुष्काळात ती घागर मोडीत गेली. उभ्या जन्मात हजारो भांड्यांवर नावं घातली, पण तिच्यावर घालायचं राहिलं.

ती नीट आठवणारी एकच व्यक्ती उरली होती, त्यांची आक्का. ती कडेगावला दिलेली. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे तीही फार दिवस नाही. आक्काला दिसतंय तोवर पान जमायला हवं, हा काकांचा एकच घोर.

सुट्टीच्या दिवशी सुट्या कागदावर घागर करून ते कडेगावला जायचे. आक्का कागद डोळ्यांशी धरायची आणि म्हणायची, "ही न्हवं." काकांनी गळा बारीक केला. "ही न्हवं." पोट मोठं केलं. "न्हवं रं." तीन फिल्मा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला परत आले तेव्हा म्हणाले, "आता एका डोळ्यानंच बघती."

माझी नणंद कडेगावला असते, म्हणून चौथ्या खेपेला मी बरोबर गेले. काकांनी या वेळी नवसागर दोनदा मारला होता. मोरपंखासारखी सुंदर घागर झालेली. मला वाटलं, आता तरी म्हातारी हो म्हणेल.

आक्कानं कागद डोळ्याला चिकटवला. मग खाली ठेवला.

"घाट बरूबर हाय. पण आईची घागर हिरवी कवा बघितलीस तू?"

"अगं, जुनं तांबं..."

"जुनं व्हऊ दिलंय कुणी? रोज चिंच आन् राख लावून घासायची ती. लांबनं चमकाय पायजे म्हणायची. आपल्या कमरंला तांबं हाय, गावानं बघू दे म्हणायची." आक्का माझ्याकडं वळली. "आवं, ह्यो बसतोय दुकानात. लोकांनी टाकलेली भांडी बघतोय. आईची बी तसलीच केली!"

काका उठले. सामान पिशवीत होतंच. अंगणात बसून त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर छाप ठेवला, तांबं टिपलं आणि पान उन्हात वाळवलं. नवसागराची पुडी उघडलीच नाही. वाळलेल्या तांब्यावर कापसाचा बोळा फिरवत राहिले, फिरवत राहिले, जोवर ते लालबुंद झळकलं नाही.

आक्कानं वही घेतली. उन्हाकडं तिरकी केली. तिच्या गालावर तांबूस उजेडाचा एक कवडसा हलला.

मग ती उठली. पदर खोचला, वही कमरेवर ठेवली, हाताचा वेढा घातला आणि मान ताठ करून अंगणात चार पावलं चालली. दारात काका बसले होते.

"सरक की रं," ती म्हणाली. "पाणी आणलंय."

काका उठून बाजूला झाले. वही त्यांनी परत मागितली नाही.