रॅडनरशरमध्ये बाबांसोबत: नकाशावरचे दगड, आणि एक नकाशात नसलेला

मे महिन्याच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला तिघांनी कुठेतरी जायचं हे जानेवारीतच ठरलं होतं. ऐनवेळी माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, ऑफिसची नवी सिस्टिम त्याच वीकएंडला लाइव्ह जायची निघाली आणि उरलो दोघं, मी आणि माझे सासरे. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण बाबांशी मी एकटी सलग अर्धा तास कधी बोलले नव्हते. ते मुळात अबोल. मेडनहेडला आमच्याकडे आल्यापासून महिनाभर खिडकीशी बसून समोरचा कार पार्क बघत होते. बुकिंग कॅन्सल करू का, असं विचारलं तर म्हणाले, "तू चालवणार असशील तर जाऊ. मेंढरं आहेत ना तिकडे?"

मेंढरांचाच प्रदेश आहे तो. रॅडनरशर ही वेल्सच्या सीमेवरची चिमुकली जुनी काउंटी. सरकारी कागदांत ती केव्हाच पॉविसमध्ये विरून गेली, पण तिथली माणसं पत्ता सांगताना जुनंच नाव घेतात. आणि बाबांनी माण तालुक्यात, गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं काढलेली. गावं त्यांना डॉक्टरच म्हणायची.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. एम-फोर मोटरवेने स्विंडन, तिथून ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि किंग्टन. थांबत गेलात तर चार तास. किंग्टनच्या पुढे पेट्रोल पंप फारसे नाहीत, तिथेच टाकी भरा. आणि कागदी नकाशा घ्याच, ज्यात जुने अवशेष वळणदार, पुराण्या धाटणीच्या अक्षरांत छापलेले असतात. बाबांना तो नकाशा फार आवडला. हेरफर्डपासून तो त्यांच्या मांडीवरून हलला नाही.

पहिल्या दिवशी ओल्ड रॅडनरचं चर्च पाहिलं. टेकडीच्या टोकावर, चार घरांच्या सोबतीला इतकं भारदस्त चर्च असेल असं वाटत नाही. आत बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचं दगडी कुंड आहे, अवाढव्य, चार आखूड पायांवर उभं. चर्चच्या आधीपासून पूजला जाणारा एखादा उभा दगडच कोरून ते केलं असावं, असं म्हणतात. बाबांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "फेकून नाही दिला. कामाला लावला." मला ते चर्चमधल्या माहितीपत्रकापेक्षा जास्त पटलं.

मुक्कामाचं बी अँड बी साधं होतं, पण रविवारी पबचं किचन दुपारीच बंद होतं हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेल्या मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होती म्हणून निभावलं. शाकाहारी असाल तर डबा न्याच. नाहीतर चीज घातलेला भाजका बटाटा आहे, तो सगळीकडे मिळतो आणि सगळीकडे सारखाच लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टनजवळचे चार दगड पाहिले. शेताच्या कडेला, माणसाच्या उंचीचे, गोल पाठीचे, एकमेकांकडे तोंड करून बसल्यासारखे. ओल्ड रॅडनरच्या घंटा ऐकू आल्या की ते जवळच्या तळ्यावर पाणी प्यायला जातात, अशी तिथली गोष्ट. ना कुंपण, ना तिकीट. हजारो वर्षांची वस्तू मेंढ्यांच्या पाठी खाजवायच्या कामी येतेय आणि कुणालाच त्याचं अप्रूप नाही, हे मला विलक्षण वाटलं. आम्ही मेंढरांमधून वाट काढत गेलो, शूज लेंड्यांनी भरले.

तिथून पुढचा एकटा दगड एका डोंगरउतारावरच्या फार्ममधून जाणाऱ्या पायवाटेवर होता. फाटकाशी पोचलो आणि बाबा थांबले.

"मनीषा, कुणी असेल तर विचार. पाय धुवायला औषधाची बादली आहे का?"

"बाबा, हा पब्लिक फुटपाथ आहे, कुणीही जाऊ शकतं. लागत नाही तसलं काही."

"आपण आत्ता दुसऱ्याच्या मेंढरांतून आलोय," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

मला खरंच संकोच वाटत होता. तेवढ्यात उतारावरून साठीच्या एक बाई चारचाकी क्वॉड बाइकवर आल्या, मागे कुत्रा. फार्म त्यांचंच. नाव जोन. मी चाचरत सांगितलं की माझ्या सासऱ्यांना शूज धुवायचे आहेत. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग बाबांकडे वळल्या.

"फूट अँड माउथ," बाबांनी लाळ्या-खुरकूतचं इंग्रजी नाव घेतलं. "आय वर्क्ड. गव्हर्नमेंट."

जोन घराकडे गेल्या आणि औषधाचं पाणी भरलेली बादली आणि ब्रश घेऊन आल्या. बाबांनी आधी माझे शूज घासले, मग स्वतःचे. मी नको नको म्हणत होते.

"इतक्या वर्षांत इथून कितीतरी लोक गेले," जोन म्हणाल्या. "हे कुणी मागितलं नाही."

नकाशावरचा दगड त्यांनी दाखवलाच. नंतर म्हणाल्या, अजून एक आहे, येता का. कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात, हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाशी, गुडघ्याएवढा एक दगड रोवला होता. त्यावर फक्त २००१ कोरलेलं. त्या साली रोग शेजारच्या फार्मपर्यंत आला. जोनची मेंढरं निरोगी होती, तरी नियमाप्रमाणे ती सगळी मारून इथेच जाळली. पिढ्यान्‌पिढ्यांचा कळप, ऐन पिल्लांच्या दिवसांत.

"रोग शेजाऱ्याकडे कसा आला ते कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या आठवड्यात मी मेंढरांच्या बाजारात गेले होते. येताना शेजाऱ्याकडे चहाला थांबले. अजून वाटतं, मीच तर नेला नाही ना?"

बाबांनी खाली वाकून दगडावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "मी सांगतो ते त्यांना इंग्रजीत सांग."

आणि मी सांगत गेले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीत लाळ्या-खुरकूत आला होता. बाबा दिवसभर तिथे गुरांचे पाय धूत होते. संध्याकाळी निरोप आला की पलीकडच्या वस्तीवर ज्ञानू नावाच्या शेतकऱ्याची गाय अडली आहे. ते तसेच, त्याच चपलांनी गेले. गाय सुटली. आठवड्याने ज्ञानूच्या गोठ्यात रोग आला. दोन वासरं गेली, आणि खिलार बैलजोडी पेरणीच्या दिवसांत पाय टेकवेना. त्या वस्तीवर दुसऱ्या कुणाकडे रोग नव्हता.

"मी रोज जाऊन औषध करत होतो," बाबा म्हणाले. "पण त्याला हे सांगितलं नाही. कुणालाच नाही."

शेवटचं वाक्यही मी इंग्रजीत केलं. जोननी ते ऐकलं आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. तसेच उभे होते दोघं. कुत्रा जवळ येऊन बसला.

परतीच्या दिवशी पिलेथला थांबलो. सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईतली माणसं तिथल्या टेकडीच्या उतारावर पुरली आहेत. पुढे कुणीतरी तिथे चार उंच झाडं लावली, ती लांबूनही दिसतात. चढ दमवणारा आहे, पण वरून दिसणारी दरी चुकवू नका. बाबा झाडाखाली बसून ज्ञानूबद्दल बोलत होते. तो हलगी चांगली वाजवायचा, दवाखान्यात यायचा तेव्हा गूळ घेऊन यायचा. मी विचारत गेले, ते सांगत गेले. मेडनहेडपर्यंत रेडिओ लावावा लागला नाही.

एखाद्या मोठ्या किल्ल्यासाठी किंवा म्युझियमसाठी रॅडनरशरला जाऊ नका. तिथे दगड आहेत, झाडं आहेत, आणि त्यांच्याजवळ राहणारी माणसं आहेत. निवांतपणे बोलतात. मी इंग्लंड-वेल्समध्ये बरीच फिरले आहे, पण इतकी मनापासून आवडलेली जागा दुसरी नाही.

घरी आल्यावर दोन दिवस बाबा फोनला चिकटून होते. आधी जुन्या कंपाउंडरला, मग सरपंचाला, मग ज्ञानूच्या नातवाला. बुधवारी दुपारी ज्ञानू स्वतः फोनवर आला. मी स्वयंपाकघरात होते, बाबांचा आवाज बारीक होत गेलेला ऐकू येत होता. दहा मिनिटांनी ते दारात येऊन उभे राहिले.

"त्याला तेव्हाच माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणाला, त्या आठवड्यात आमच्या वस्तीवर तुमच्याशिवाय आलं होतं कोण?"