वेणीची रांग

आवळ्याच्या तेलाचा वास आला, की मला शहराच्या छावणी भागातल्या मुलींच्या बालगृहाची ओसरी आठवते. दर रविवारी आम्ही तिथं एकीमागं एक बसायचो आणि जिनं तिनं आपल्या पुढच्या मुलीची वेणी घालायची. मी लासूर स्टेशन गावाहून आलेली, नवी, चौदा वर्षांची, म्हणून रांगेत शेवटची. माझ्यामागं नुसती गार भिंत. मी माझे केस कसेबसे बांधून वरून ओढणी घ्यायचे. एका रविवारी सगळ्यांत पुढं बसणारी, मला कायम चिडवणारी थोरली मुलगी उठली आणि तेलाची बाटली घेऊन माझ्याकडं आली. "ए लासूर स्टेशन, सरक पुढं. भिंत घालणार व्हय तुझी वेणी?" मी घाबरून म्हणाले, "नको ताई, येती मला." "दिसतंय की. लई गुंता झालाय." तिनं दुखू न देता तो सोडवला. मला रडू आलं, तर म्हणाली, "हलू नको, वेणी वाकडी होईल." माझी शाळा नववीतच सुटली, आता कामासाठी सुरतेत एकटीच राहते. पण वेणी घालायला बसले, की अजूनही भिंतीला टेकत नाही. मागं एका माणसापुरती जागा सोडते.